भजनाची चाल आणि सात इंची तबकडी

एकादशीच्या भजनात रंगलेली चाल दुसऱ्या दिवशी कोणी तमाशाच्या फडावर प्रेमगीताला लावली, तर गावातली वडीलधारी माणसे काय म्हणतील? कोणी कपाळाला आठ्या घालील, कोणी नकळत ठेका धरील. अमेरिकेत १९५४ साली असेच काहीसे घडले आणि त्यातून ‘सोल’ हे संगीत उभे राहिले. सोल म्हणजे आत्मा.

तिथल्या कृष्णवर्णीय समाजाला गुलामगिरीच्या काळापासून मन मोकळे करायला एक हक्काची जागा होती, ती म्हणजे प्रार्थना. पुढे त्यांच्या चर्चमध्ये ‘गॉस्पेल’ ही भक्तिगीते वाढली. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. टाळ्यांचा ठेका, एकाच अक्षरावर घेतलेल्या हरकती, मध्येच फुटलेला टाहो. आपल्या भजनी मंडळाला हे निराळे सांगायला नको! दुसरीकडे होते ‘ब्लूज’, म्हणजे संसाराच्या आणि प्रेमभंगाच्या दुःखाचे गाणे. ऐकणारी माणसे पुष्कळदा तीच. पण मध्ये भिंत मोठी पक्की.

ती भिंत फोडणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते रे चार्ल्सचे. बालपणीच दृष्टी गेलेल्या या पियानोवादकाने दौऱ्यावर असताना रेडिओवर एक भक्तिगीत ऐकले. देवाच्या जागी प्रेयसी आली, चाल बहुतेक तीच राहिली, आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये अटलांटाच्या एका रेडिओ केंद्रातच ‘आय गॉट अ वुमन’ ध्वनिमुद्रित झाले. गाणे तुफान चालले. पण बिग बिल ब्रून्झीसारख्या जुन्या ब्लूज गायकालाही ते पटेना. हा आवाज चर्चचा, त्याने तिथेच गावे, असे त्याचे म्हणणे. सॅम कुक तर गॉस्पेलचा लाडका गायक. १९५७ साली त्याची पहिली लौकिक तबकडी निघाली ती ‘डेल कुक’ या खोट्या नावाने. आवाज मात्र लपतो थोडाच!

ही गाणी घराघरांत गेली ती सात इंची तबकडीवरून. बशीएवढा आकार, मिनिटाला ४५ फेरे, दोन्ही बाजूंना एकेक गाणे. लहानमोठ्या कंपन्यांनी अशा ढिगांनी काढल्या. थोड्या गाजल्या, उरलेल्या गोदामात पडल्या, पडत्या भावाने विकल्या गेल्या.

त्यांना वाली भेटला तो समुद्रापलीकडे. इंग्लंडच्या उत्तर भागातली गिरण्यांची, खाणींची गावे. तिथले तरुण रात्र-रात्र या गाण्यांवर नाचत. विगन गावचे ‘कसिनो’ हे नृत्यगृह १९७३ ते १९८१ या काळात त्यासाठीच प्रसिद्ध होते. गाजलेले गाणे त्यांना नको. कुणी न ऐकलेले हवे. म्हणून तबकड्या वाजवणारे अमेरिकेतली गोदामे धुंडाळीत, आणि दुसऱ्याला सुगावा लागू नये म्हणून तबकडीच्या नावावर कागद चिकटवीत. हेवा म्हणा, पण या हेव्यानेच कितीतरी अपयशी गायकांचे गाणे वाचले.

तुम्हाला हा नाद लागला तर एवढे पाहा. मधल्या कागदापाशी जिथे खाचा संपतात, तिथे कोरलेला क्रमांक असतो. अस्सल-नक्कल बहुधा तिथे कळते. काही अमेरिकन तबकड्या विनाइलच्या नसून स्टायरीन या स्वस्त प्लास्टिकच्या आहेत. त्या जाड, बोथट सुईने लवकर झिजतात. तबकडी कडेने धरा, उभी ठेवा, उन्हात विसरू नका. आणि भावापेक्षा कानावर भिस्त ठेवा, हे माझे मत.

भावाचे सांगायचे तर फ्रँक विल्सनची १९६५ सालची तबकडी पाहा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने ती छापली, पण बाजारात आणली नाही. बहुतेक प्रती नष्ट केल्या. वाचलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ साली २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. विल्सन मात्र गायक म्हणून पुढे आलाच नाही. तो त्याच कंपनीत दुसऱ्यांची गाणी बसवीत राहिला, आणि पुढे तेही सोडून ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला.