आर.ओ. घेण्याआधी पाणी तपासा

आमच्या वर्ध्याकडच्या घरी बोअरचे पाणी खारट. त्यात डाळ शिजेना, गुंडावर पांढरा थर चढे. शेवटी पगारातून हप्ता काढून आर.ओ. बसवले, पण आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार योग्य. आमच्या पाण्यात दुपटीहून जास्त निघाले.

भगिनींनो, तुमच्या पाण्यात क्षार, फ्लोराइड मर्यादेत असतील तर हा खर्च कशाला? गाळून, उकळून प्या. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही.

यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी मिळताना सुमारे तीन लिटर बाहेर जाते. ते बादलीत धरून आम्ही फरशी पुसतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून हक्क बजावला. त्या हक्काचे पाणी मोरीत का सोडायचे?