खाडा लावून तोड वाढत नाही



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी खात्याच्या दारात एकच प्रश्न येतो : "साहेब, टोळी पुरी का आली नाही?" ऊस पक्व आहे, पाळी लागली आहे, पण फडात कोयते निम्मेच! मग मुकादम खाडा लावतो आणि गैरहजेरीचे पैसे उचलीच्या हिशेबात चढवतो. आम्हीही पूर्वी मुकादमालाच दम देत होतो. दमाने आजारी माणूस उठत नाही, हे आम्हाला उशिरा कळले.

मागे एका गटात तोडलेला ऊस दोन दिवस फडातच राहिला. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा. उशीर झाला की वजन घटते, उताराही घटतो. सभासद चिडणे साहजिकच होते. आम्ही टोळीच्या तळावर गेलो, तर तीन कोप्यांत माणसे जुलाबाने आडवी. पिण्याचे पाणी चारीतले! शेजारी बोअर चालू, पण चिखल होतो म्हणून तेथे मनाई.

बायांचे हाल तर विचारूच नका. पहाटे उठून भाकरी थापायची, दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, रात्री पुन्हा चूल. मासिक पाळीत ना आडोसा, ना विसावा. बसले तर खाडा. 2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतील 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणे अनेक असतील, पण खाड्याची धास्ती त्यांत आहेच.

त्या सभासदांनी पुढे बोअरचे पाणी दिले, नळाखाली चार फरश्या टाकल्या. चिखल राहिला नाही आणि आठवड्याभरात फड पुरा भरला.

म्हणून विनंती अशी : तळाला पाणी द्या, एक दिवा द्या, बायांना न्हाणीपुरता आडोसा करू द्या. कोणी आजारी दिसले तर चिटबॉयला त्याच दिवशी सांगा. आजारपणाचा खाडा लावू नये, असे आम्ही मुकादमांना बजावत आहोत, तुम्हीही बजावा.

टोळ्या खुशाली मागतात, ही आपली तक्रार खरी आहे. ती शेतकी खात्यात जरूर नोंदवा. पण तिचा राग पाण्यावर काढू नका. बारा-चौदा महिने आपण ऊस जपतो; तो तोडणारा हात चार-पाच महिने जपणे जड नाही.

— ऊस विकास अधिकारी