रिकामा सहावा कप्पा

रुंद काठाची टोपी, गळ्यात रुमाल, कमरेला काडतुसांचा पट्टा आणि निमिषार्धात हाती येणारे रिव्हॉल्व्हर! ‘काउबॉय’ची ही प्रतिमा हॉलीवूडच्या चित्रपटांनी आपल्याकडेही सुपरिचित केली आहे. अमेरिकेत याच प्रतिमेतून नेमबाजीचा एक आगळा खेळ जन्मास आला. ‘काउबॉय ॲक्शन शूटिंग’ हे त्याचे नाव. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियात त्याचा प्रारंभ झाला आणि १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ने त्याला नियमांची चौकट दिली. स्पर्धक एकोणिसाव्या शतकातील पेहराव करतात, टोपणनाव धारण करतात आणि पोलादी लक्ष्यांवर कमीत कमी वेळात गोळ्या झाडतात. चुकलेल्या प्रत्येक नेमापोटी वेळेत ५ सेकंदांची भर पडते.

खेळ वेगाचा असला, तरी त्याचा पाया मात्र संयमाचा आहे.

शस्त्रांची निवड

या खेळात प्रत्येकास सामान्यतः दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ॲक्शन रायफल आणि एक जुन्या घडणीची छऱ्याची बंदूक, बहुधा दुनळी, लागते. ‘सिंगल ॲक्शन’ रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक गोळीपूर्वी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. १८७३ चे कोल्ट रिव्हॉल्व्हर आणि त्याच वर्षीची विंचेस्टर रायफल हे या शस्त्रांचे आदर्श होत. आज त्यांच्या नव्याने घडविलेल्या प्रतिकृतीही वापरल्या जातात.

नवख्या खेळाडूस भारदस्त शस्त्राचा मोह पडतो. जाणकार मात्र त्यास .३८ स्पेशलसारखे हलके काडतूस सुचवितात. धक्का सौम्य असला की हात स्थिर राहतो. रिव्हॉल्व्हर आणि रायफल यांना एकच काडतूस चालले, तर घाईत होणारी गफलतही टळते. ही सोय जुनीच आहे. विंचेस्टरच्या १८७३ च्या रायफलीचे .४४-४० काडतूस चालेल असे रिव्हॉल्व्हर कोल्टने १८७८ पासून विक्रीस आणले होते.

गोळीची निवडही तितकीच महत्त्वाची. लक्ष्ये पोलादी आणि जवळ असल्याने केवळ मऊ शिशाच्या गोळ्यांना अनुमती आहे. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १,००० फुटांपेक्षा, तर रायफलीच्या गोळीचा १,४०० फुटांपेक्षा कमी असावा लागतो. रायफलीच्या नळीखाली काडतुसे एकामागे एक ओळीने बसतात. गोळीचे टोक अणकुचीदार असेल, तर धक्क्यासरशी ते पुढील काडतुसाच्या बुडावर आदळून स्फोट होऊ शकतो. म्हणून गोळी सपाट टोकाचीच निवडावी. पोलादावरून शिशाचे कण उडतात. त्यासाठी प्रेक्षकांनाही संरक्षक चष्मा सक्तीचा आहे. आवाजाने कानांचे झालेले नुकसान सहसा भरून येत नाही, याचेही भान ठेवावे लागते.

पाचच गोळ्या

रिव्हॉल्व्हरमध्ये कप्पे सहा. पण गोळ्या भरावयाच्या पाचच. जुन्या रचनेत खाली टेकलेल्या घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडावर येते. अशा स्थितीत शस्त्र हातून पडले वा त्यावर आघात झाला, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. म्हणून एक कप्पा भरावा, एक सोडावा, पुढील चार भरावेत आणि घोडा रिकाम्या कप्प्यावर अलगद उतरवावा, अशी रीत आहे. हा धोका टाळणारी पट्टी अनेक नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये असते. तरीही त्यांना सवलत नाही. कोणाचे शस्त्र नवे आणि कोणाचे जुने, हे घाईच्या वेळी कोणी तपासत बसावे?

मैदानावरील शिस्त

शस्त्र ठरलेल्या टेबलावरच, दुसऱ्याच्या देखरेखीखाली भरावयाचे आणि फेरी संपताच दुसऱ्या टेबलावर ते रिकामे असल्याचे दाखवावयाचे. एकाने केलेल्या नोंदीची दुसऱ्याने पडताळणी करावी, या बँकेतील दंडकाशी ही पद्धत किती मिळतीजुळती आहे! नळीचे तोंड समोरच्या दिशेपासून डावीकडे वा उजवीकडे ८५ अंशांपलीकडे वळता कामा नये. घोडा ताणलेला आणि त्याखाली जिवंत काडतूस असताना पाऊल उचलता येत नाही. दिवसभराचा नेमबाजीचा क्रम संपेपर्यंत मद्य वर्ज्य असते.

सर्वांत कठोर नियम हातून निसटलेल्या शस्त्राचा आहे. रिकामे शस्त्र पडले, तर ती फेरी बाद. भरलेले पडले, तर संपूर्ण स्पर्धाच संपुष्टात. पडलेले शस्त्र खेळाडूने उचलावयाचे नाही. पंच ते उचलतो, तपासतो, रिकामे करतो आणि मगच परत देतो. आघाडीवर असलेल्या खेळाडूसही यातून सूट नाही. एका क्षणाच्या निष्काळजीपणाची किंमत शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या प्राणांनी मोजावी लागू नये, हाच यामागील हेतू.

रुपेरी पडद्यावरील नायक सहाही गोळ्या झाडून विजयी होतो. मैदानावरील खेळाडू मात्र एक कप्पा जाणूनबुजून रिकामा ठेवतो. त्या न भरलेल्या गोळीमुळे संध्याकाळी सारेजण सुखरूप घरी परततात, आणि पुढच्या स्पर्धेला पुन्हा भेटतात.