सातमाळ्याचे पाणी

डोंगर म्हटला की आपल्याला कळसूबाई आठवते, नाहीतर एखादा गड. इंद्रवेल्लीभोवतीच्या सातमाळ्याला तसे कडेही नाहीत आणि बुरूजही नाहीत. अजिंठ्याच्या अंगाने आलेली ही बेताच्या उंचीची रांग आदिलाबाद जिल्ह्यात वायव्येकडून आग्नेयेकडे पसरली आहे. तरीही तिचा वारसा मोठा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर पाण्याच्या मागे जावे लागते.

या डोंगरावरचे पाणी दोन वाटांनी जाते. दक्षिण उताराचे पाणी कडम नदीतून सरळ गोदावरीला मिळते. वाटेत ही नदी कुंटाळा येथे सुमारे 45 मीटर खाली उडी घेते. उत्तर उताराचे पाणी पैनगंगेत, पुढे वर्धेत, मग प्राणहितेत जाते आणि कालेश्वरला गोदावरीच गाठते. हे पाणी धरून ठेवते ते साग, मोह, पळस आणि बांबूचे रान. रान विरळ झाले की पाऊस तेवढाच पडला तरी ओढे लवकर आटतात.

पाण्याचे हे नाते गोंडांच्या मेसराम घराण्याने आपल्या उपासनेत जपले आहे. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेसराम मंडळी अनवाणी चालत जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूला जातात आणि झारीत गोदावरीचे पाणी घेऊन परततात. डोंगरावरून नदीला गेलेले पाणी माणसे पायी पुन्हा डोंगरावर आणतात. त्या पाण्याने नागोबाला अभिषेक होतो, आणि घराण्यात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. इथला वारसा दगडात कोरलेला नाही, तो वर्षाकाठी चालून टिकवावा लागतो.

या वारशात मराठीचाही वाटा आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे बाजार, सोयरिकी आणि बोली यांना आजची सीमा ठाऊक नव्हती. हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या प्रयत्नाने 1943मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यासाठी तयार झालेली गोंडी पुस्तके देवनागरीत होती, कारण इथल्या साक्षर गोंडांना मराठीची लिपी परिचयाची होती.

मात्र या डोंगराचे केवळ सौंदर्यच सांगणे अपुरे ठरेल. 'जल, जंगल, जमीन' ही हाक ज्यांच्या नावाशी जोडली गेली, ते कुमराम भीम 1940मध्ये याच डोंगराळ मुलखातल्या जोडेघाटला मारले गेले. 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी इंद्रवेल्लीत जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा 13 मृतांचा आहे; लोकांच्या सांगण्यात तो कितीतरी मोठा आहे. गावाजवळचा स्तूप त्यांचाच. ज्यांनी हे रान राखले, त्यांच्याच पायाखालची जमीन सुटत गेली, हा त्या दोन्ही घटनांचा अर्थ आहे.

आपली घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, ती याच पाण्यावर. म्हणून आपल्या शिवारातल्या ओढ्यांची, टेकड्यांची आणि झाडांची मराठी व गोंडी नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांना वहीत उतरवायला सांगावीत. ज्या ओढ्याचे नावच कुणाला ठाऊक नाही, तो बुजला तरी कुणी हळहळत नाही.