रक्तदाबाचं जुनं औषध आणि सर्वांगाचे झटके

उंदराला निकोटिनचा मोठा डोस टोचला की तो थरथरू लागतो आणि बघता बघता त्याच्या सर्वांगाला झटके येतात. आधी मेकॅमिलअमीन दिलेलं असेल, तर मात्र हे झटके टळतात. गंमत म्हणजे हे औषध फेफऱ्यासाठी बनलेलंच नव्हतं. १९५०च्या दशकात मर्क कंपनीने ते उच्च रक्तदाबावर बाजारात आणलं. त्या पिढीतलं हेक्सामेथोनियम मेंदूत फारसं शिरत नसे. मेकॅमिलअमीन सहज शिरतं. संशोधकांना ते हवंसं वाटलं ते त्यामुळेच.

मज्जापेशीवरचा निकोटिनिक ग्राहक पाच प्रथिनांच्या कड्याचा असतो, मध्ये बारीक छिद्र. असिटिलकोलिन हे शरीरातलंच संदेशवाहक रसायन किंवा निकोटिन त्याला चिकटलं की छिद्र उघडतं, सोडियम आत घुसतं आणि पेशी उत्तेजित होते. मेकॅमिलअमीन चिकटण्याच्या जागेसाठी निकोटिनशी झगडत बसत नाही. ते उघड्या छिद्रातच जाऊन अडकतं.

निकोटिनने आणलेले झटके निकोटिनच्या विरोधकाने थांबवले, यात नवल नाही. खरी कसोटी विजेच्या धक्क्याची. उंदराच्या डोळ्यांवर इलेक्ट्रोड टेकवून क्षणभर वीज सोडतात. मागचे पाय ताठ होऊन सरळ मागे ताणले गेले, तर झटका पुरा बसला. पाय ताणले गेले नाहीत, तर औषध लागू पडलं. मेकॅमिलअमीन इथेही संरक्षण देतं, पण डोस वाढवावा लागतो आणि वाढत्या डोसला ते ग्लुटामेट या मेंदूतल्या उत्तेजक रसायनाचे एनएमडीए ग्राहकही अडवतं. मग श्रेय नक्की कुणाचं, निकोटिनिक ग्राहक अडवण्याचं की एनएमडीए अडवण्याचं? माझ्या मते या संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

माणसांत अडचणी आणखी आहेत. बद्धकोष्ठ, कोरडं तोंड, लघवी अडणं, उभं राहताच घेरी येणं हे नेहमीचे त्रास. शिवाय फार मोठ्या डोसला क्वचित कंप आणि चक्क झटकेही येतात! झटके रोखणारं औषधच झटके आणतं; याचं संभाव्य कारण म्हणजे निकोटिनिक ग्राहक मेंदूतल्या उत्तेजक पेशींवर असतात, तसेच त्यांना आवरणाऱ्या पेशींवरही.

या ग्राहकांचा झटक्यांशी असलेला संबंध आनुवंशिकीतही दिसतो. १९९५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका कुटुंबात झोपेत येणाऱ्या झटक्यांचं मूळ सापडलं: निकोटिनिक ग्राहकाच्या सीएचआरएनए४ या जनुकातला बदल. पुढे २००९मध्ये सर्वांगाच्या झटक्यांच्या सुमारे एक टक्का रुग्णांत पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडाच गायब असल्याचं आढळलं. अल्फा-७ या निकोटिनिक ग्राहकाचं जनुक त्याच तुकड्यात असतं. ज्याच्याकडे मुळातच ग्राहक कमी, त्याचे उरलेले अडवून काय साधणार?

म्हणून मेकॅमिलअमीनची गोळी फेफऱ्यावर द्यावी, असं आज कुणी म्हणत नाही. ते सगळ्याच निकोटिनिक ग्राहकांना सरसकट अडवतं. हवं आहे ते एकाच उपप्रकाराला, मेंदूच्या नेमक्या भागात आवरणारं रसायन. त्यासाठी आधी कुठल्या रुग्णात कुठला ग्राहक बिघडला आहे, ते ओळखावं लागेल.