केमो संपली, पुढे कोण बघणार?

शेवटची केमो झाली की डॉक्टर ‘आता तीन महिन्यांनी दाखवायला या’ म्हणतात. घरी पेढे वाटले जातात आणि यापुढे हा विषय शक्यतो काढायचा नाही, असं न बोलताच ठरतं. आजार आटोक्यात आलेला असतो, हे खरं. उपचारांनी शरीरात काय काय केलं, याचा हिशेब मात्र बाकी असतो.

हा प्रश्न आता मोजक्या लोकांचा राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. आधीच्या पाच वर्षांत निदान झालेले आणि हयात असलेले सुमारे ३२ लाख होते. यात उपचार चालू असलेले आले, तसे उपचार संपवून कामावर परतलेलेही आले. पाच वर्षांच्या पलीकडचे तर या आकड्यात नाहीतच.

या लोकांचा फॉलो-अप होतो, पण त्यात मुख्यतः एकच गोष्ट पाहिली जाते: गाठ परत आली का? उपचारांचे उशिरा उमटणारे परिणाम त्यात निसटतात. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध अनेक कर्करोगांत जीव वाचवतं, पण त्याचा एकूण डोस वाढत गेला तर हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात, तेही कधी कधी कित्येक वर्षांनी. सिस्प्लॅटिनमुळे ऐकू येणं कमी होऊ शकतं. मानेला रेडिएशन मिळालं असेल तर थायरॉइड मंदावू शकते. लहान वयात छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलीला पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून तिची तपासणी तरुणपणीच सुरू करावी लागते.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण खूप. उपचारांनंतर अनेकांचा जबडा पुरेसा उघडत नाही. भाकरीचा घास घेणंही अवघड होतं. जबड्याचे व्यायाम वेळेत सुरू झाले तर फरक पडतो. दाताचं दुखणं त्याहून फसवं. रेडिएशन मिळालेल्या जबड्यातला दात उपटला तर जखम न भरता हाड कुजण्याची भीती असते, अगदी काही वर्षांनंतरही. गल्लीतल्या दंतवैद्याला हे सांगणार कोण? रुग्णालाच माहीत नसेल तर कोणीच नाही.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने या प्रश्नाचं उत्तर लहान मुलांपुरतं फार आधी शोधलं. १९९१ पासून तिथे बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी वेगळा दवाखाना चालतो. तिथे वाढ, हृदय आणि हार्मोन्स तपासले जातात, शिक्षण आणि मनःस्थिती यांचीही विचारपूस होते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने अशा मुलांचा ‘उगम’ हा गटही उभा राहिला. मोठ्या वयात बरे झालेल्यांना मात्र अशी सोय क्वचितच मिळते. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजलेली बाई ‘जीव वाचला, एवढं चालायचंच’ म्हणत गप्प बसते. खरं तर फिजिओथेरपी आणि दाब देणारा पट्टा यांनी ती सूज आवरता येते. पुढच्या स्कॅनआधी उडणारी झोप, लग्नाच्या बोलणीत आजार सांगावा की नाही हा घोर, यांना तर फाइलमध्ये रकानाच नसतो.

मोठा दवाखाना उभारायला वेळ लागेल, पण उपचारांचा सारांश द्यायला एक पान पुरतं. कोणता कर्करोग, कोणत्या औषधाचा एकूण किती डोस, रेडिएशन कुठे आणि किती, पुढे कोणती तपासणी किती वर्षांनी करायची, हे त्यावर असावं. मुंबईहून उपचार घेऊन गावी गेलेल्या माणसाला प्रत्येक दुखण्यासाठी परळ गाठणं परवडत नाही. त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडेच जायचं असतं, आणि त्या डॉक्टरला नेमकं काय शोधायचं ते हे पान सांगतं. रुग्णाने ते मागून घ्यावंच. पण न मागता ते हातात देणं हे रुग्णालयाचं काम आहे, कारण डोस किती दिला हे त्यांनाच माहीत असतं.