वांग्याच्या मुळांची लढाई



आमच्या बेसा गावाभोवती आता प्लॉट पडले, इमारती झाल्या. पण आमच्या घरामागे थोडी वाडी उरली आहे. आबाजींनी तिथे वांगे आणि टमाटर लावले होते. पाणी देण्याचे काम माझ्याकडे होते.

ऑगस्टमध्ये पावसाने उघाड दिली आणि वांग्याच्या एका झाडाने मान टाकली. पाने हिरवीगारच, पण लोंबलेली. आबाजी म्हणाले, "तू पाणी नीट देत नाहीस बाप्पा!" मला रडू आले. मग मी दोन-दोनदा पाणी दिले. तरी आठ दिवसांत त्या ओळीतली सात झाडे गेली.

मी एक झाड उपटून शाळेत नेले. गुरुजींनी खोडाचा बोटभर तुकडा कापला आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लोंबता धरला. थोड्याच वेळात कापलेल्या जागेतून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले. सगळी मुले बघायला धावली. तो धागा म्हणजे लाखो जिवाणू! या रोगाला मर रोग म्हणतात. बुरशीनेही झाडे मरतात, पण तेव्हा असा धागा निघत नाही. या जिवाणूचे नाव राल्स्टोनिया. अमेरिकेतल्या एर्विन स्मिथ या शास्त्रज्ञाने १८९६ साली त्याची माहिती लिहिली.

हा जिवाणू मातीत राहतो. खुरपी लागून मूळ कापले, किंवा बाजूचे नवे मूळ फुटताना साल फाटली, की तिथून तो आत शिरतो. मग पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत चिकट पदार्थ करून बसतो. नळीच बंद, तर पाणी कितीही घाला, वर कसे जाणार?

पण मूळ गप्प बसत नाही, हे मला सर्वांत आवडले. मुळाच्या टोकाला टोपी असते. तिच्यातल्या पेशी सुटून मातीत पडतात आणि चिकट जाळे टाकतात. त्या जाळ्यात डीएनए असतो. आपले नाक-डोळे आईबाबांसारखे होतात ते ज्याच्यामुळे, तोच हा डीएनए. जिवाणू त्यात अडकतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीसुद्धा असेच जाळे टाकतात. पण राल्स्टोनिया लबाड आहे, तो जाळे कापणारा रस सोडतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी हे दाखवले. जिवाणू आत आलाच, तर काही जातींची झाडे नळीच्या भिंती लाकडासारख्या कडक करून त्याला अडवतात. बंगळूरच्या संस्थेने काढलेली टमाटरची अर्का रक्षक ही जात हा रोग सोसते. काही ठिकाणी तर रानवांग्याच्या मुळावर टमाटरचे कलम बांधतात. मूळ एकाचे, फळ दुसऱ्याचे!

एक गोष्ट सांगायला मला वाईट वाटते. आजारी झाडाजवळचे पाणी दांडातून पुढच्या झाडांकडे जात होते. म्हणजे पाण्याबरोबर रोग मीच पुढे नेला. हे मी घरी सांगितले. आबाजी थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मलेही कोठी माहीत होतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मेलेली झाडे मुळासकट उपटून जाळली, खताच्या खड्ड्यात टाकली नाहीत. खुरपी धुतली. वांगे, टमाटर, मिरची, आलू या सगळ्यांना हा रोग होतो, म्हणून त्या वाफ्यात आता मका लावला आहे. यंदा भरताचे वांगे बाजारातूनच आणावे लागणार.